वाट आणि वेठ

माझ्यावर सध्या दोन आरोप आहेत. पहिला असा की, मी सरकारचे काम फुकट करून सरकारला मोकळे सोडतो. दुसरा आरोप माझ्या वडिलांनी केला आहे आणि तो एका वाक्याचा आहे. "आज्यानं वेठ केली, मी खडी फोडली, आता तू फुकटात माती वडायलास?" पहिल्या आरोपाला उत्तर देणे सोपे आहे, कारण तो करणारी मंडळी बहुधा पारावर बसलेली असतात. दुसऱ्या आरोपाने मात्र माझी कित्येक रात्रींची झोप नेली. हा लेख खरे म्हणजे वडिलांना दिलेले उत्तर आहे. जाता जाता पारावरच्या मंडळींनाही चार शब्द ऐकावे लागतील. त्याला इलाज नाही.

प्रकरण असे आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, मुखेड आणि जळकोट यांच्या मधल्या पट्ट्यात बालाघाटाचे शेवटचे फाटे पसरले आहेत. ज्यांनी सह्याद्री पाहिला आहे ते यांना डोंगर म्हणणार नाहीत. आम्ही माळ म्हणतो. वर बरड, मुरूम, तरवड, हिवर आणि बोरी. खाली ओढ्याकाठी काळी जमीन. अशा एका माळाच्या एका अंगाला आमची शाळा आहे आणि दुसऱ्या अंगाला एक तांडा व दोन वाड्या आहेत. डांबरी सडकेने फिरून आले तर अंतर दुप्पट पडते, म्हणून मुले माळावरून येतात. दोन जिल्ह्यांची शीव माळावरून जाते. दोन नकाशांच्या काठावरची वाट सहसा कोणत्याच नकाशात नसते, तशी हीही नव्हती.

शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत येण्याजाण्यासाठी सायकली मिळतात. योजना चांगली आहे. तिची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. सायकल मिळाली म्हणून आठवीनंतर शाळा न सुटलेल्या मुली मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण सायकलीला वाट लागते, ही गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. तांड्यावरच्या मुली माळाच्या पायथ्यापर्यंत सायकलीवर येत, तिथे उतरत आणि सायकल ढकलीत वर चढत. उतरताना दोन्ही ब्रेक दाबून धरून, चपला घाशीत खाली येत. ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर तांडे हिंडविले, त्यांच्या नातींना दोनशे मीटरची चढण ओलांडता येऊ नये, यात काहीतरी चुकत होते.

काय चुकत होते ते कळायला एक अपघात व्हावा लागला. परवाच्या वर्षी श्रावणात नववीतली एक मुलगी सायकलीसकट ओघळीत पडली. मनगट मोडले. मनगट दीड महिन्यात सांधले, पण तिच्या बापाने तिची सायकल परत आणून शाळेच्या व्हरांड्यात लावली आणि तो म्हणाला, "गुरुजी, ही घ्या. पोरगी ऱ्हाऊ द्या आता घरीच." मी त्याला खूप समजाविले. तो शांतपणे ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच मला बोलणे जड गेले.

गावात चर्चा झाली. चर्चा करण्यात आपले गाव कोणाला हार जाणार नाही. मग एका उदार गृहस्थांनी एके दुपारी जेसीबी पाठविला. यंत्राने दोन तासांत माळाच्या डोक्यापासून पायथ्यापर्यंत सरळ, भांगासारखी रेषा पाडली. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या मृगात तीन पाऊस झाले आणि त्या रेषेचा नाला झाला, गुडघाभर खोल. तळाशी नुसता गोट्यांचा खच. पहिली वाट वाईट होती, पण ती वाट तरी होती. आता मुली तिच्या काठाकाठाने, काट्यांतून चालू लागल्या.

पाऊस वाईट नव्हता आणि जेसीबीही वाईट नव्हता. वाईट होती ती रेषा. हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिकविले. तो पुण्याला नोकरीला असतो आणि सुटीच्या दिवशी जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरात हिंडणाऱ्या पोरांपैकी आहे. तो दिवाळीला आला होता. मी त्याला नाला दाखविला. तो खाली बसला, हाताने माती चाचपली आणि म्हणाला, "गुरुजी, पाणी ज्या रेषेने उतरतं त्याच रेषेवर वाट ठेवली की ती पाण्याची होते. माणसाची राहत नाही."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले. त्यामागचे गणित सोपे आहे. आमचा माळ चाळीस मीटर उंच आहे आणि जुनी वाट सरळ दोनशे मीटरची. म्हणजे पाच मीटर पुढे गेले की एक मीटर वर. इतक्या उतारावर सायकलीचे ब्रेक घासत येतात, चाक माती उकरते, उकरलेल्या मातीत पाणी शिरते आणि पाण्याला धावायला आयते कोंदण मिळते. डोंगरातल्या सायकलवाटा बांधणारांचा नियम असा की, वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरीने शेकड्याला दहाच्या आत राहावा. वाट टेकडीच्या कुशीला आडवी न्यावी. तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवावी, म्हणजे वरून आलेले पाणी वाट ओलांडून पसरत खाली जाते, वाटेवरून धावत नाही. आणि मधून मधून वाटेला थोडी उतरवून पुन्हा चढवावी. त्या खोलगट जागी वाटेवर साचू पाहणारे पाणी आपोआप बाहेर पडते. एवढे चार नियम पाळले तर वाट टिकते. न पाळले तर सिमेंट ओतूनही टिकत नाही, कारण सिमेंटच्या कडेने पाणी नवा नाला पाडते.

या नियमांमागे एक इतिहास आहे आणि तो आपल्याकडच्या पारावरच्या मंडळींनी ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन भागात, टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात, १९७६ साली काही पोरांनी जुन्या जाड सायकलींवरून उताराच्या शर्यती सुरू केल्या. पुढे या सायकलींचे पेव फुटले, पायी हिंडणारांशी भांडणे झाली आणि ठिकठिकाणी सायकलींना वाटा बंद झाल्या. तेव्हा सायकलवाल्यांनी १९८८ साली आपली एक संघटना उभारली, आणि वाटेवर हक्क सांगायचा तर वाट दुरुस्त करायलाही आपणच गेले पाहिजे, ही रीत पाडली. सुटीच्या दिवशी टिकाव-फावडी घेऊन जायचे, धुपलेली वाट बंद करायची आणि नवी आखायची. त्याच देशात ॲपालेशियन नावाच्या डोंगररांगेतून गेलेली साडेतीन हजार किलोमीटरची एक पायवाट आहे. १९२१ साली ती कल्पना मांडली गेली आणि १९३७ साली ती पुरी झाली. ती बांधली मुख्यतः हौशी लोकांनी आणि आजही तिची निगा मुख्यतः तेच राखतात. तिचे कित्येक तुकडे पहिल्या जागेवरून उचलून दुसरीकडे नेलेले आहेत. वाट एकदा पाडली की संपली, असे तिथे कोणी मानीत नाही.

एवढे ऐकून आम्ही सहा जण तयार झालो. तीन मास्तर, एक निवृत्त एस. टी. कंडक्टर, एक किराणा दुकानदार आणि पुण्याचा तो पोरगा, जेव्हा येईल तेव्हा. ग्रामसभेचा ठराव घेतला, कारण माळाचा बराचसा भाग गायरान आहे. सुताराकडून दोन काठ्यांचा घोडा करून घेतला. वर दोन्ही टोके बांधलेली, मध्ये आडवी पट्टी आणि शेंड्यापासून सोडलेला ओळंबा. दोन पायांतले अंतर २४० सेंटिमीटर. सपाट जागी एका पायाखाली २० सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला आणि ओळंबा जिथे आला तिथे पट्टीवर खूण केली. आता माळावर ओळंबा त्या खुणेवर आला की समजावे, बाराला एक उतार साधला. ही साधने आमच्या भागाला अगदीच नवी नाहीत. २०१६ साली शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत माणसे समतल चर खणायला उतरली होती, तेव्हापासून समपातळी म्हणजे काय हे इकडच्या अडाणी म्हणविणाऱ्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. त्याच साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जिथे पाणी आगगाडीने येते, तिथे माळाची माती पाण्याबरोबर वाहू देणे हे पाप आहे, एवढे तरी आम्हाला त्या वर्षाने शिकविले असावे अशी माझी समजूत होती.

मार्गशीर्षापासून चैत्राच्या अखेरपर्यंत एकोणीस रविवार गेले. जुनी वाट दोनशे मीटर होती. नवी पाचशेच्या जवळ गेली, दोन रुंद वळणे घेऊन. वरच्या अंगाला मुरूम टिकावाने फुटत होता. दगड निघाले तिथे सब्बल लावावी लागली. खालच्या काळ्या रानात पावसात चाक रुतते म्हणून चपटे दगड बसविले. एका ठिकाणी वाट एका विधवा म्हातारीच्या धुऱ्यावरून नेणे भाग होते. आम्ही भीत भीत गेलो. ती म्हणाली, "न्या की. पोरी काय परक्या हायत का? पर ह्या बोरीला हात लावायचा न्हाई. म्हाताऱ्यानं लावल्याली हाय." आमचा घोडा सांगत होता की वाट बोरीतूनच गेली पाहिजे. आम्ही ती बोरीला वळसा घालून नेली. तिथे उतार थोडा बिघडला आहे आणि यंदाच्या पावसात नेमकी तीच कड ढासळली. तरी मला त्या वळशाचे वाईट वाटत नाही.

सर्वांत कठीण काम खणण्याचे नव्हते. ते होते जुनी वाट बंद करण्याचे. नाल्यात आडवे दगड रचले, बाभळीच्या काट्या टाकल्या; तरी लोक त्या काट्या बाजूला सारून सरळ चढत. पाय सवयीचे गुलाम असतात. महिनाभर आम्ही काट्या टाकीत होतो आणि लोक उचलीत होते. आता हळूहळू थांबले आहेत.

या एकोणीस रविवारांत आम्हाला जे ऐकावे लागले त्याची यादी देतो. "काय गुरुजी, गुत्तं भेटलं का काय?" हा सर्वांत सौम्य. "किती टक्के सुटतंय?" हा त्याच्या पुढचा. गुत्तेदारीने आमच्या मराठवाड्याची कल्पनाशक्ती अशी पोखरली आहे की, कोणी फावडे उचलले तर त्यामागे बिल असलेच पाहिजे असे लोकांना वाटते. "यंदा उभे राहता काय?" असेही दोघांनी विचारले. आणि एका वाङ्मयीन बैठकीत एका विद्वानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "तुम्ही लेखक आहात. तुमचे काम लिहिणे. रस्ता हे सरकारचे काम. तुमच्या अशा कामामुळे सरकारला पळवाट मिळते."

या शेवटच्या म्हणण्याचा विचार करू, कारण ते सुसंस्कृत भाषेत मांडलेले आहे. रस्ता हे सरकारचे काम, हे मला मान्य आहे. अगदी अक्षरशः मान्य आहे. शेतात जायला वाट नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदाराने बांधावरून वाट द्यायची असते. असलेली वाट कोणी अडविली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्याने दिला आहे. पाणंदींसाठी २०२१ साली मातोश्रींच्या नावाने स्वतंत्र योजनाही निघाली. हे सारे मला ठाऊक आहे, कारण या साऱ्यांखाली आम्ही अर्ज केले आहेत. माझा त्या विद्वानांना एकच प्रश्न आहे: तुम्ही किती केले? मला आजवर असा एकही गृहस्थ भेटला नाही, जो "सरकारचे काम" म्हणाला आणि लगेच घरी जाऊन त्याने सरकारला अर्ज लिहिला. उलट, जे फावडे उचलतात तेच अर्जही लिहितात, कारण वाट किती लांब, किती रुंद, कोणाच्या गटातून जाते हे त्यांनाच ठाऊक असते. आमच्या अर्जाला आता मोजमापाचा नकाशा जोडलेला आहे. तो नकाशा बैठकीत बसून निघाला नसता.

आणि लेखकाने फक्त लिहावे म्हणता? आपल्या मराठीत वाटेवर किती लिहिले गेले आहे याचा हिशेब कोणी करावा. कवितेत वाट, कादंबरीत वाट, संग्रहाच्या नावात वाट. धुळीची वाट, हरवलेली वाट, एकटी वाट. मीही त्यात भर घातली आहे. माझ्या दोन कादंबऱ्यांचे नायक माळावरच्या वाटेने निघून जातात. त्या वाटेला उतार किती होता, हे मला लिहिताना ठाऊक नव्हते. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहण्याआधी गावाचे रस्ते झाडीत. आधी कीर्तन आणि मग झाडू, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. आम्ही लेखक मात्र नुसत्या कीर्तनावर भागवितो.

असो. आता माझ्या वडिलांकडे येतो.

माझे आजोबा निजामी अमलात वेठीला जात. गिरदावर किंवा तहसीलदार दौऱ्यावर आला की त्याचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, घोड्यांना गवत आणि चुलीला जळण आणून द्यायचे. मोबदला नाही, नकार नाही. वेठ कोणाच्या वाट्याला येई आणि कोणाच्या येत नसे, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. आजोबांच्या डोक्यावरचे सामान याच माळावरून जाई. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मोकळे झाले, २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि त्याच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बेकायदा ठरविली. माझ्या घरात त्या कलमाचा अर्थ एवढाच होता की, आजोबांचे डोके मोकळे झाले.

वडील वीस वर्षांचे असताना १९७२ चा दुष्काळ आला. सडकेच्या कामावर त्यांनी खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन. हातोडा चुकला की बोट जाई. पण शनिवारी हजेरीपत्रकावर अंगठा उठला की पैसे हातात पडत. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, वि. स. पागे यांचे नाव त्या योजनेशी कायमचे जोडले गेले आहे. काम मागण्याचा हक्क आणि त्याचे दाम, ही गोष्ट या देशात प्रथम महाराष्ट्राने कायद्याने मान्य केली. वडिलांच्या दृष्टीने आजोबांपासून त्यांच्यापर्यंतची सारी प्रगती एका शब्दात आहे: दाम. आणि त्यांचा मास्तर झालेला मुलगा रविवारी दाम न घेता माती ओढतो! त्यांना वाटले, तीन पिढ्यांनी चढलेली चढण मी एका दिवसात उतरलो.

वडिलांचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही, कारण श्रमदान या शब्दाने आपल्याकडे फार लबाडी केली आहे. श्रमदानाच्या दिवशी पुढारी पहिले टोपले उचलतात, तेही अर्धे भरलेले; आणि फोटो झाल्यावर उरलेला दिवस कोण खणते? ज्यांची रोजची मजुरी त्या दिवशी बुडाली तेच. बायका पहाटेपासून घरची फुकटची कामे उरकून येतात आणि इथे पुन्हा फुकट राबतात. त्यांचे नाव बातमीत नसते. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्याकडून घेतलेले दान, हे दान कसले? तिला वेठच म्हणायचे. फक्त गिरदावराच्या जागी फलक आला.

म्हणून आम्ही पहिल्याच रविवारी एक नियम केला. ज्याला महिन्याचा पगार आहे, पेन्शन आहे किंवा दुकानाचा गल्ला आहे, त्यानेच फुकट काम करायचे. रोजंदारीवर जगणाऱ्याने यायचेच नाही; आणि कामाला त्याच्या हातांची गरज पडली तर त्या दिवसाची मजुरी आम्ही वर्गणी काढून द्यायची. काळ्या रानात दगड बसवायला आम्हाला दोन पाथरवट लागले. त्यांना चार दिवसांचे पैसे दिले. त्यावरही गावात ओरड झाली, "श्रमदानात पैसे कशाला वाटता?" मला वाटते, ही ओरड ऐकूनच आम्ही बरोबर चाललो आहोत याची मला खात्री पटली.

काहींनी विचारले, "वाट तांड्याच्या पोरींसाठी, मग तांड्याचे लोक का येत नाहीत?" या प्रश्नाने मला सर्वांत जास्त संताप आला. दसरा-दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जातो. कोयता घेऊन, लेकरे घेऊन, उचल फेडायला. ते थेट उन्हाळ्यात परततात. माती खणण्याचे दिवस ते नेमके हेच. ज्यांना वाटेची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याकडे रविवार नावाची वस्तूच नाही. आमच्याकडे ती आहे, पगारी आहे, आणि ती आम्ही पानसुपारीत घालवितो. तेव्हा श्रमदान कोणी करायचे, याचे उत्तर कॅलेंडरातच लिहिलेले आहे.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गुंडेगावचे राजाराम भापकर गुरुजी यांनी पन्नासहून अधिक वर्षे डोंगर फोडून रस्ते केले. त्यांच्याविषयी लिहिताना लोक त्यांच्या चिकाटीचे गोडवे गातात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मोठी वाटते: मास्तराच्या पगारातून त्यांनी सोबतच्या मजुरांना दाम दिले. घाम आपला आणि पैसाही आपला, असा त्यांचा व्यवहार होता. एका मास्तराने दुसऱ्या मास्तराला घालून दिलेला हा धडा आहे. मी त्या वर्गात अजून मागच्या बाकावर आहे.

हे सारे मी वडिलांना सांगितले. वेठ आणि हे काम यांत फरक कोणता, तर मी नाही म्हणू शकतो हा. आजोबांना घरून उचलून नेत. मला कोणी नेत नाही. ज्या रविवारी माझी कंबर धरते त्या रविवारी मी जात नाही आणि मला कोणी चाबूक दाखवीत नाही. आजोबा दुसऱ्याचे ओझे या वाटेवरून नेत. मी ती वाट अशी करतो आहे की, तिच्यावरून पोरीला आपले दप्तर आपण नेता यावे. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "बोलायला तू मास्तर हायस." पटले की नाही ते त्यांनी सांगितले नाही. चैत्रात एका रविवारी मात्र ते काठी टेकीत माळावर आले, एका वळणावर बसले आणि एक दगड दाखवून म्हणाले, "ह्यो असा न्हाई बसायचा. पालथा घाल. खडीवर उगं न्हाई घालवली दोन वर्षं." आम्ही तो पालथा घातला. तो या पावसात हललेला नाही.

यंदाचा हिशेब असा. वाट टिकली आहे. तीन खोलगट जागा गाळाने भरल्या आहेत, बोरीपाशी कड ढासळली आहे आणि दुसऱ्या वळणावर तरवड वाढून वाट अरुंद झाली आहे. शाळेत सतरा सायकली माळावरून येतात; चढणीवर काही मुली अजून उतरतात, काही उतरत नाहीत. मनगट मोडलेली ती मुलगी गेल्या हंगामात आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती. यंदा ती आजीजवळ राहिली आहे आणि दहावीत बसली आहे. हे वाटेमुळे झाले असे मी म्हणणार नाही. तिच्या आजीमुळे झाले. पण सायकल व्हरांड्यातून परत गेली, एवढे खरे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तांड्यावर ट्रक लागलेले असतील. माती अजून ओलसर असेल आणि टिकाव सहज बसेल. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी सकाळी सातला आम्ही पुन्हा माळावर जाणार आहोत. या लेखाला ज्यांना उत्तर द्यायचे असेल त्यांनी ते संपादकांकडे अवश्य पाठवावे; मी प्रत्येक अक्षर वाचीन. ज्यांना माझे म्हणणे समोरासमोर खोडून काढायचे असेल, आणि ज्यांना महिन्याचा पगार आहे, त्यांनी माळावर यावे. फावडी जास्तीची आहेत. पाणी मात्र घरून आणावे.